सोडल्याचा दाखला

बुधवारी दुपारी फाटकावर कागद चिकटला.
शनिवारपासून बंद. आपापली माणसं घेऊन जावीत.
खाली सही नाही, नुसता शिक्का.
मालकांचा फोन रात्रीपर्यंत वाजला,
मग वाजायचाही थांबला.
भुसावळात त्या दिवशी सेहेचाळीस,
आणि दोन्ही कूलर तेवढे
दिवेलागणीच्या आत टेम्पोत चढले.

माणसं एकोणीस.
न्यायला आले सात जणांचे.

शाळा बंद पडली तर पोराला दाखला मिळतो.
जिनिंग बंद पडली तर गाठी मोजून सील होतात.
इथलं कुणी काही ठरवलंच नव्हतं,
म्हणून रात्रपाळीला मी बसले
सलाईनच्या खोक्यांचे पुठ्ठे कापत,
खाली कार्बन घालून, एकेकाचा दाखला लिहीत.
शिक्षण नववी. अक्षर बरं आहे.

गोदावरी सुपडू नारखेडे.
सोडण्याचं कारण: मालकांना विचारावं.
साखरेची गोळी घेतली म्हणेल, घेतलेली नसते,
मूठ उघडून बघावी.
डाव्या कानाशी बोलावं. उजवा नुसता शोभेचा.
मी लिहीत असताना तीनदा विचारलं तिने,
"मले कुठी नेऊ राह्यले व माय?"
हे दाखल्यात कुठे लिहायचं
ते मला सुचलं नाही.

अँथनी परेरा, रेल्वेचे गार्ड.
पहाटे तीनला उठून दाराकडे निघतात. अडवू नये.
बॅटरीला हिरवा कागद बांधून दिला आहे,
एकदा दाखवू द्यावी.
गाडी गेली की झोपतात.

शकिलाबी तडवी.
मिश्री मागते. मी देते. डॉक्टरांना हवं तर सांगा.
कमरेखाली जखम, रुपयाएवढी,
दर दोन तासांनी कूस बदलावी.
रुपयाएवढीच आहे,
मी नाणं ठेवून मोजली आहे.

नाव माहीत नाही.
पोलिसांनी फलाटावरून आणला, पोळ्याच्या दिवशी,
जन्मतारीख तीच धरावी.
आम्ही भाऊसा म्हणतो. वळून बघतो.
वर्तणूक: चांगली.

शनिवारी समाजकल्याणचे साहेब आले,
एक रुग्णवाहिका, एक जीप, एक रजिस्टर.
खाटा एकोणीस लिहिल्या, पंखे अकरा,
स्टीलचा पिंप एक, तोटी गळकी.
तोवर बारा जण व्हरांड्यात बसलेले,
छातीवर सेफ्टी पिनने पुठ्ठा लावून,
गणवेशाला रुमाल लावतात तसा.

"हे काय?" साहेब म्हणाले.
म्हटलं, पावती.
माणूस घेतला म्हणून सही करा,
मागच्या बाजूला लिहा, कुठे नेताय,
आणि तिथे नाव कुणाचं घ्यायचं.
साहेब घामाघूम. वाईट माणूस नव्हता.
नवव्या सहीला त्यांचं पेन आटलं.
उरलेल्या तीन
माझ्या पेनाने केल्या.

माझा तीन महिन्यांचा पगार राहिला आहे.
तो वेगळा कागद.

कार्बनच्या प्रती घरी फरसाणाच्या डब्यात आहेत.
सुट्टी मिळाली की एक काढते, एसटी धरते.
जळगावच्या सिव्हिलला नाणं घेऊन गेले.
नर्स आधी चिडली,
मग तिनेच चादर बाजूला केली.
जखम नाण्याच्या आत होती.
सावद्याला भाऊसा वळला नाही. पुन्हा जाईन.
फैजपूरला गोदावरीने लांबूनच मूठ मिटली,
जवळ गेल्यावर उघडून दाखवली:
गोळी.
माझ्यासमोर गिळायला लावली, पाणी दिलं,
तिथल्या पोरीला तिचा डावा कान दाखवला.

परेरासाहेबांना पारोळ्याला नेलंय.
पारोळ्याला रेल्वे नाही.
त्या रात्री मी तिथेच राहिले, बाकड्यावर.
तीन वाजता ते उठले, दाराशी गेले,
बॅटरी धरून उभे राहिले.
बराच वेळ.
लांब हायवेवरून एक ट्रक गेला.
"लेट आहे," म्हणाले,
आणि हात खाली केला नाही.